खारपाणपट्ट्यात शून्य टीडीएसचं पाणी: समुद्री टाकीसाठी घेतलेला आरओ-डीआय फिल्टर, दीड वर्षानंतर

पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) काढणारा हा फिल्टर मोरीच्या भिंतीवर लागला तो गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, पेरणीच्या धामधुमीत. आता डिसेंबर चालू आहे. मधे एक अख्खा उन्हाळा गेला, दोन पावसाळे गेले, रेझीन, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे, तीनदा बदलली. नवी वस्तू आठ दिवस वापरून चांगलं-वाईट म्हणणं मला पटत नाही. दुकानात बियाण्याच्या बाबतीतही मी शेतकऱ्याला हेच सांगतो, की एक हंगाम पाहू, मग बोलू. दोन हंगाम पाहून झाले, म्हणून आता लिहितो आहे.

माझं कृषी केंद्र आहे, दर्यापूर तालुक्यात. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं. इथे विहीर खोदा की बोअर करा, पाणी खारट लागतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे घरात समुद्राच्या माशांची टाकी मांडली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच: "भाऊ, आपलं पानी त आंगचंच खारं हाय, मंग बजारचं मीठ कायले टाकून राह्यले?" प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं प्रमाण ठरलेलं असतं. आमच्या बोअरचं पाणी मोजलं तर २,३०० पीपीएम, म्हणजे लिटरला जेमतेम सव्वादोन ग्रॅम, आणि त्यातही सोडियमचाच भरणा. चवीला खारं असलं तरी समुद्राचा मासा त्यात जगणार नाही. समुद्राचं पाणी घरी बनवायचं तर आधी पाण्यातलं सगळं काढावं लागतं, मग कंपनीचं समुद्री मीठ मोजून घालावं लागतं. हे आधी 'सगळं काढणं' मी सुरुवातीला केलं नाही. पुढचा सगळा त्रास त्यातून झाला.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळू धरून पाणी १७० लिटरच्या आसपास. आत हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, थोड्या छोट्या गोगलगायी आणि दोन हर्मिट खेकडे. प्रवाळ ठेवलेले नाहीत आणि ठेवणारही नाही. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रातून काढलेला जिवंत दगडही त्यातच येतो. दगड सिरॅमिकचे आहेत. मासे मुंबईहून रेल्वेने, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात आले. पहाटे बडनेऱ्याला जाऊन मी ते उतरवून घेतले.

पहिले चार महिने टाकी छान होती. सुरुवातीला काचेवर तपकिरी पावडरीसारखा थर आला, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टाकीत येतोच, पाण्यात सिलिका असेल तर जास्त येतो. तो पुसत राहिलो, गेला. मग मार्चमध्ये एका दगडाच्या टोकावर हिरवी लव दिसली. लेकीला फार आवडली, म्हणाली, दगडाला केस आले. एप्रिलच्या मध्यापर्यंत ते केस दोन-अडीच इंच वाढले होते. पंपाच्या प्रवाहात एका दिशेने लोळायचे, त्यांत माशांची विष्ठा आणि खाण्याचे कण अडकून बसायचे. कपाशीवरचे फुलकिडे पाहायला माझ्याकडे दहापट भिंग असतं. चिमटीत थोडं शेवाळ घेऊन त्याखाली धरलं. बिनफांदीचे, सरळ, हिरव्या रेशमासारखे धागे होते. पिसासारख्या बारीक फांद्या असत्या तर ते ब्रायोप्सिस. ते याहून चिवट आणि त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. आमचं साधं केसाळ शेवाळ होतं. साधं म्हणायचं एवढंच. मे महिन्यात दगडाचा मूळ रंग दिसेनासा झाला.

त्या दिवसांत एका शहरातल्या दुकानातून 'शेवाळ घालवणारं' औषध आणलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. मी विचारलं होतं, गोगलगायींना चालतं ना? हो म्हणाले. बाटलीवर बारीक अक्षरात तांबं लिहिलेलं होतं, ते मी घरी येऊन, औषध टाकल्यावर वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी वाळूवर उलट्या पडलेल्या. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा गेल्या. तांबं बिनकण्याच्या जिवांना अगदी थोड्या मात्रेतही मारतं, हे मला माहीत असायला हवं होतं. संत्र्यावर फवारायचं कॉपर ऑक्सिक्लोराइड मी रोज विकतो, आणि लेबल वाचून दाखवल्याशिवाय डबा देत नाही. त्या अकरा गोगलगायींचं मला अजून वाईट वाटतं. शेवाळ पिवळं पडलं, काही गळलं, आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेवढंच उगवलं.

का उगवलं, ते शोधायला मला शेतीचाच उपयोग झाला. पिकाला जे लागतं तेच शेवाळाला लागतं, नत्र आणि स्फुरद. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं ना, तेच दोन आकडे टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन येतात. मग दोन्हींची किट मागवली, फॉस्फेटसाठी हॅना कंपनीचं छोटं डिजिटल चेकर. काचेच्या नळीचा रंग पट्टीशी जुळवून ०.०५ आणि ०.१ मधला फरक माझ्या डोळ्यांना कळत नव्हता, यंत्र सरळ आकडा देतं. टाकीत नायट्रेट २५ पीपीएम, फॉस्फेट ०.४२. माशांची टाकी फॉस्फेट ०.१ च्या खाली असेल तर आटोक्यात राहते. आमचं चौपट.

मग लेकीने एक प्रश्न विचारला. रोज टाकीत वरून टाकतो ते पाणी मोजलं का? नव्हतं मोजलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. मासे २६-२७ अंशांत ठेवायचे म्हणून टाकीवर पंखा लावलेला, खोलीत कूलर नाही. पंख्याने पाणी थंड होतं ते उडून जाण्यामुळेच. दिवसाला चार लिटर पाणी उडायचं. ते भरून काढायला मी गावातल्या पाण्याच्या प्लँटवरून जार आणत होतो. आरओचं आहे म्हटल्यावर शुद्ध असणार, असं धरून चाललो. मोजलं तर टीडीएस १६० आणि नायट्रेट १०. पिण्याला हे उत्तम पाणी आहे, पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ पर्यंत चालतं. अशा प्लँटमध्ये आणि घरगुती फिल्टरमध्येही चव राहावी म्हणून पुष्कळदा थोडं मूळ पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं. टाकीला मात्र हिशेब वेगळा लागतो. रोज चार लिटर, लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ४० मिलिग्रॅम नायट्रेट. १७० लिटरमध्ये ते रोज पाव पीपीएमच्या जवळ जातं. तीन महिन्यांत वीसच्या वर. आकडा जुळला तेव्हा आम्ही दोघं बाप-लेक वहीकडे पाहतच राहिलो.

पाणी उडतं, त्यातलं काही उडत नाही. हे आमच्या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. खाऱ्या विहिरीचं पाणी दोन-तीन वर्षं ओलिताला दिलं की जमीन चोपण होते, उन्हाळ्यात वर पांढरा खार फुटतो, कारण पाणी वर जातं आणि क्षार मागे राहतो. माझ्या टाकीत तेच होत होतं, फक्त खार पांढरा फुटण्याऐवजी हिरवा फुटत होता.

आता फिल्टरचं. चार टप्पे: पाच मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर, कार्बन ब्लॉक, दिवसाला ७५ गॅलन पाणी गाळणारी मेम्ब्रेन (आरओची बारीक गाळणी) आणि शेवटी डीआय रेझीनची नळी. घरातल्या आरओत आणि यात मुख्य फरक या शेवटच्या नळीचा. मेम्ब्रेन साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते, सुटलेलं थोडं रेझीन धरून ठेवते. सिलिकाही तिथेच अडते. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कारण हे नळकांडे, मेम्ब्रेन, फिटिंग सगळं ठरलेल्या मापाचं येतं आणि एकाचं दुसऱ्याला बसतं. मी मुंबईहून ७,४०० रुपयांना मागवला. बूस्टर पंप आणि अडॅप्टर वेगळे, २,३००. पंप यात धरलेला नाही हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, ही पहिली तक्रार. मेम्ब्रेनला ५०-६० पीएसआय दाब लागतो. शहरात नळाला असेल कदाचित, खेड्यात नसतो. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, पाणी आधी ५०० लिटरच्या टाकीत साठवावं लागतं, आणि टाकीच्या उंचीने दाब काहीच मिळत नाही. पंपाशिवाय लावला तेव्हा थेंब थेंब पाणी येत होतं आणि सगळं वाया जाणाऱ्या नळीतून चाललं होतं. आई दारात उभी राहून म्हणाली, "बाप्पा, येवढं पानी कुठी चाललं रे?" त्या दिवशी मी फिल्टर परत पाठवायच्या विचारात होतो. पंप आल्यावर तासाला नऊ-दहा लिटर मिळू लागलं. सध्या थंडीत सात-आठ मिळतं, थंड पाणी मेम्ब्रेनमधून हळू जातं.

दुसरी तक्रार फिटिंगची. कार्बनच्या नळकांड्याच्या झाकणातलं रबरी रिंग मुरडलेलं आलं, रात्रभर गळून मोरीबाहेर पाणी आलं. फोन केल्यावर नवं रिंग आठ दिवसांनी मिळालं, पैसे घेतले नाहीत. तोवर तालुक्याला ठिबकच्या फिल्टरचं मिळालं ते बसवलं, अजून तेच आहे. दाबाचा काटा पहिल्या महिन्यात अडकला. त्याच्यावाचून अडत नाही.

तिसरी चूक विकणाऱ्याची नाही. मी सुरुवातीला बोअरचं पाणी जोडलं. म्हटलं, नळाचं पाणी गोडं, मोलाचं, ते कशाला घालवा. बोअर २,३००, मेम्ब्रेननंतर ७४, रेझीननंतर शून्य. पाहून आनंद झाला. दीड महिन्यात रेझीन संपली. ही रंग बदलणारी रेझीन आहे, ताजी असताना गडद निळी, संपत आली की तपकिरी. नळीत खालून वर तपकिरी पट्टा कसा चढतो ते रोज दिसतं, लेकीने नळीवर पेनने तारखा लिहिल्या होत्या. अकराशे रुपयांची रेझीन दीड महिन्यात, हे परवडणारं नव्हतं. मग शहानूर धरणावरून येणारं नळाचं पाणी जोडलं. ते २९० पीपीएम, मेम्ब्रेननंतर ८. त्यानंतरच्या रेझीन सात-आठ महिने चालल्या. खारपाणपट्ट्यातल्या कुणी बोअरवर हा फिल्टर लावू नये. अगदी नाइलाज असेल तर मेम्ब्रेन एकामागे एक दोन लावाव्या लागतील.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती. फिल्टर बंद असताना क्षार मेम्ब्रेनच्या आतल्या बाजूला हळूहळू झिरपतात, त्यामुळे चालू केल्यावरचं पहिलं पाणी वाईट येतं. आमच्याकडे पहिल्या मिनिटाला ६० दाखवतो आणि चार-पाच मिनिटांत आठवर उतरतो. ते पहिलं पाणी रेझीनमध्ये जाऊ दिलं तर ती उगाच लवकर संपते. मी मेम्ब्रेन आणि रेझीनच्या मधे एक छोटा व्हॉल्व्ह टाकला, पाच मिनिटं पाणी बादलीत सोडतो, मग पुढे. ग्रामपंचायतीने गावाच्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली की त्या दिवशी नळाला वास येतो. तेव्हा मी फिल्टर चालवत नाही. क्लोरीन अडवायला कार्बन आहे, पण तो जुना झाला आणि क्लोरीन पुढे गेला तर मेम्ब्रेन खराब होते. कार्बन आणि गाळाचा फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलतो, दोन्ही मिळून ६०० रुपये.

आता शेवाळाचं काय झालं? लगेच काहीच झालं नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर कुणी फिल्टर घेऊन महिन्याभरात निराश होईल. नवं पाणी स्वच्छ आलं तरी जुन्या दगडांत मुरलेलं फॉस्फेट सुटत राहतं. फॉस्फेट खाण्यातूनही येतं, आमच्याकडे तर पाण्यापेक्षा खाण्यातूनच जास्त येत होतं. लेक चार वेळा खाऊ घालायची, ते दोनवर आणलं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दिवे अकरा तास जळायचे, ते सात तासांवर आणले. पश्चिमेच्या खिडकीतून फेब्रुवारीपासून दुपारचं ऊन थेट काचेवर यायचं, तिथे पोत्याचा पडदा लावला.

बाकी निंदणच. कुंदा वरून कापला तर पुन्हा फुटतो, तसंच हे. टाकीत तोडलं तर तुकडे तरंगून दुसऱ्या दगडावर लागतात. म्हणून दर रविवारी एक-दोन दगड बाहेर काढायचे, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवून हाताने उपटायचं, राहिलेलं टूथब्रशने घासायचं, खळखळून परत ठेवायचं. जे दगड काढता येत नाहीत त्यांच्यावरचं उपटता उपटता नळीने ओढून घ्यायचं. नळी म्हणजे ठिबकच्या नव्या कोऱ्या लॅटरलचा तुकडा, याच्याइतकी सोयीची दुसरी मिळाली नाही. एका रविवारी पंधरा लिटर पाणी निघायचं, तेवढंच नवं, शून्य टीडीएसवर मीठ कालवून घनता १.०२५ करून घालायचं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पोळ्यापर्यंत फरक दिसेना. मग उपटलेलं परत यायला एकाऐवजी तीन आठवडे लागू लागले. नव्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कोवळं कोवळं चरून टाकलं. मोठं वाढलेलं त्या खात नाहीत, ते आपल्यालाच उपटावं लागतं. दिवाळीला दगड दगडासारखे दिसत होते. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०९.

तिथे थांबायला हवं होतं. मला वाटलं, अजून खाली आणू. फॉस्फेट शोषून घेणारी लोहाची दाणेदार पूड मिळते, ती पिशवीत भरून टाकीत ठेवली, सांगितल्याच्या दुप्पट. दोन आठवड्यांत दोन्ही आकडे शून्य. जानेवारीत वाळूवर तपकिरी चिकट पडदा आला, त्यातून शेंबडासारखे तार निघायचे आणि प्रत्येक ताराच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री कमी व्हायचं, दुपारी दिव्याखाली पुन्हा भरायचं. थोडं बाटलीत घेऊन जोरात हलवलं, कापडातून गाळलं आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात ते पुन्हा एकत्र येऊन तार बनले. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी सूक्ष्म जीव. पाण्यात नत्र-स्फुरद अगदी संपलं की बाकीचे सगळे सूक्ष्म जीव उपाशी पडतात आणि मोकळ्या जागेवर हे पसरतात. गोगलगायी पुन्हा सुस्तावल्या, या वेळी मी लगेच काढून वेगळ्या बादलीत ठेवल्या, एकही गेली नाही. पूड काढली, खाणं वाढवलं, पाणी बदलणं थांबवलं, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास यायची वाट पाहिली. निस्तरायला दोन महिने लागले. शेवाळाशी लढताना आकडा शून्य हवा तो फक्त येणाऱ्या पाण्याचा. टाकीतला नको. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते दोन महिने वाचले असते, म्हणून इथे ठळक लिहितो.

यंदाचा उन्हाळा ही खरी परीक्षा होती. पंखा तोच, रोजचे चार लिटर तेच, पण मे संपला तेव्हा नायट्रेट ६ होतं. काचेवर हिरवी झाक येते, आठवड्यातून दोनदा पुसतो. एका दगडाच्या मागे थोडे केस आहेत, ते खेकडे सांभाळतात.

वाया जाणाऱ्या पाण्याचं मला मनापासून खटकतं. एक लिटर चांगलं मिळवायला तीन लिटर बाहेर जातं, आणि आमच्या भागात गोड्या पाण्यासाठी बायकांनी काय काय सोसलं आहे ते मी लहानपणापासून पाहिलं. म्हणून ती नळी ड्रममध्ये सोडली आहे. ते पाणी पावणेचारशेच्या घरात असतं, बोअरपेक्षा कितीतरी गोडं. भांडी, कपडे, गाडी धुणं त्यावर होतं, आईची तक्रार मिटली. पावसाळ्यात फिल्टर कमी चालवतो. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस जाऊ देऊन अंगणात नवी ताडपत्री बांधतो, त्या पाण्याचा टीडीएस १२ ते १५ येतो, ते फिल्टरमधून काढलं तर रेझीनला काहीच भार नाही. टिनाच्या पत्र्यावरचं पाणी मात्र घेऊ नका, जस्त उतरतं.

घ्यावा का? नळयोजनेचं पाणी असेल आणि ते ५०० च्या आत असेल तर घ्या, आणि पंपासकट पैसे धरून चाला. माशांच्या आधी घ्या. मी आठ महिने उशिरा घेतला, आणि जे गेलं ते त्या आठ महिन्यांत गेलं. सोबत मिळालेला टीडीएस मीटर बरा आहे, माझा चार-पाचने जास्त दाखवायचा, ३४२ पीपीएमच्या द्रावणात बुडवून जुळवून घेतला.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर भागात कुणी समुद्री टाकी करायच्या विचारात असेल तर आपल्या पाण्याची अर्धा लिटरची बाटली घेऊन या. टीडीएस आणि नायट्रेट मोजून देईन, पैसे नाहीत. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, आणि विहिरीचं, बोअरचं की नळाचं ते वर लिहून आणा.